आपल्यातलाच माणूस

रविवारचा टिंपाना, म्हणजे मॅकरोनीचं ताट, चर्चमधल्या पहिल्या मिस्सेच्या आधीच गावच्या भट्टीवर पाठवावा, नाहीतर भट्टीतली मागची, गरम जागा दुसरीच कोणी पटकावते. कुन्चेट्टाला हे लग्न झाल्यापासून ठाऊक होतं. तरी त्या रविवारी तिला उशीर झाला, कारण मॅकरोनीवर पिठाचं झाकण घालताना तिच्या डोक्यात इव्हेलिना होती. धाकट्या जावेचा विचार करत स्वयंपाक केला की तिचा हात जड व्हायचा. झाकणाला भेग गेलीच.

"झालं," ती मुलीला म्हणाली. "आता ती बघेल आणि म्हणेल, कुन्चेट्टा, किती छान, अगदी घरगुती."

रीटा बाळाला कडेवर घेऊन उभी होती. "मग घरगुतीच आहे ना, मा."

"तिच्या तोंडी घरगुती म्हणजे शिवी असते. तुला नाही कळायचं. स्लिमात, बड्या लोकांत राहणाऱ्यांची बोलायची तऱ्हा वेगळी."

रीटाच्या टोनीला आज वर्ष पुरं होत होतं, म्हणजे घरात कुच्चिया होती. बाळापुढे परात मांडायची, परातीत जपमाळ, अंडं, तराजू, लेखणी असं काय काय ठेवायचं, आणि बाळ ज्याला पहिला हात घालेल तो त्याचा पुढचा धंदा. आमच्याकडे यावर कोणी विश्वास ठेवत नाही आणि कोणी हे चुकवतही नाही. कुन्चेट्टाच्या सासरी, कुतायारांकडे, तर आता सगळेच सरकारी कारकून, त्यामुळे लेखणी नेहमी बाळाच्या सर्वांत जवळ ठेवली जायची आणि बाळाने ती उचलली की सगळे नवल केल्यासारखं करायचे.

या वर्षी मात्र कारकून घरी बसले होते. संपाला तिसरा आठवडा लागला होता. सचिवालयात सहायक सचिवाची खुर्ची रिकामी झाली की बोटीतून एक नवा इंग्रज उतरायचा. आमचे जुने कारकून त्याला काम शिकवायचे, आणि शिकून झालं की तो त्यांचाच साहेब व्हायचा. असं आमच्या आजोबांच्या वेळेपासून चाललेलं. युद्ध संपल्यावर खुर्ची पुन्हा रिकामी झाली तेव्हा कारकुनांच्या संघाने लिहून दिलं: या खेपेला माल्टाचा माणूस हवा, आपल्यातला. सरकारने उत्तरात नुसती पोच दिली. मग एके सकाळी, बॉम्ब पडत असतानाही एक दिवस न चुकलेली ही माणसं कामावर गेली नाहीत.

संघाचा चिटणीस होता वेन्झू, कुन्चेट्टाचा नवरा. काल सरकारी भिंतींवर कागद लागले होते की सोमवारी सकाळी जो आपल्या टेबलाशी नसेल त्याने नोकरी स्वतःहून सोडली असं धरलं जाईल. म्हणजे पेन्शनही गेली. वेन्झूच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

आपल्यातला म्हणजे कोण, हे मागणीत लिहिलेलं नव्हतं. गावाला ते लिहून द्यायची गरज नव्हती. कोळीण वेन्झूला आत्तापासूनच "सेक्रेटरी" म्हणून हाक मारायची आणि तो खोटं खोटं रागवायचा. कुन्चेट्टाने तर त्या पदाच्या बाईला शोभेल अशी टोपीही मनात निवडून ठेवली होती. ती घालून इव्हेलिनाच्या शेजारून जायचं, तिच्याकडे न बघता. एवढंच. फार काही नको होतं तिला.

*

वेन्झूचा धाकटा भाऊ गेतू आणि त्याची बायको इव्हेलिना बसमधून चौकात उतरले तेव्हा बँड क्लबच्या दारात संपावरचे पाच-सहा कारकून उभे होते. गेतूने टोपीला हात लावला. कोणी टोपीला हात लावला नाही.

"काय गेतू, आज साहेबांनी मोकळं सोडलं वाटतं?" त्यातला ग्रेत्स्यू म्हणाला. हा वेन्झूच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. "पुढचं उत्तर लिहायला चांगली शाई घे हां. मागच्या उत्तरातली फिकी होती."

बाकीचे हसले. इव्हेलिनाने नवऱ्याचा दंड धरला आणि चालायला लावलं. "लक्ष देऊ नकोस," ती म्हणाली. तिचं स्वतःचं सगळं लक्ष तिकडेच होतं.

गेतू सचिवालयाच्या आतल्या, खाजगी खोलीतला कारकून होता. त्या खोलीतल्यांना संघात जायला बंदी. तीन आठवडे तो त्या रिकाम्या, घुमणाऱ्या इमारतीत बसून आपल्याच भावाच्या पत्रांना सरकारची उत्तरं लिहीत होता. पत्रावर सही कोणाचीही असो, वाक्य वेन्झूचं आहे हे त्याला पहिल्या ओळीत कळायचं. ती चांगली वाक्यं होती. त्याचे इंग्रज वरिष्ठ प्रॉक्टरसाहेब एकदा म्हणाले होते, हा तुझा भाऊ छान लिहितो बरं का. तेव्हा गेतूला जे वाटलं होतं ती भावाची काळजी नव्हती, हे त्याला त्याच क्षणी कळलं होतं. लायसियममध्ये, सरकारच्या मोठ्या शाळेत, शिकला गेतू. इंग्रजीची बक्षिसं मिळाली गेतूला. आणि लोक टोपी काढायचे ते वेन्झूला.

काल दुपारी प्रॉक्टरसाहेबांनी त्याला बसायला सांगितलं होतं. उभ्यानेच काम करून घेणारा माणूस बसा म्हणाला, तेव्हाच गेतूला कळलं की काहीतरी मोठं आहे. सरकार नमतं घेणार होतं. खुर्ची माल्टाच्या माणसाला. संपावर गेलेल्या कोणाला शिक्षा नाही, कोणाची सेवा खंडित नाही. अट एकच, सोमवारी सगळे कामावर. आणि खुर्चीवरचा माणूस तू.

वेन्झूच्या घरी वडील दारात खुर्ची टाकून काटेरी निवडुंगाची फळं सोलत बसले होते. म्हातारा नार्दू जन्मभर सचिवालयात शिपाई होता. साहेबांसाठी दारं उघडली, साहेबांची टपालं वाहिली. पितळी बटणांचा तो कोट अजून रविवारी घालायचा.

"पा," गेतू खाली वाकून म्हणाला, "वेन्झूशी बोलायचंय. पण आधी तुमच्याशी."

त्याने सांगितलं. म्हाताऱ्याच्या हातातला सुरा थांबला.

"खरं?"

"काल सांगितलं. आज संध्याकाळी क्लबात सभा आहे ना, त्याच्या आधी वेन्झूला कळायला हवं. मला धीर होत नाहीये, पा. तुम्ही जरा त्याला बाजूला घेऊन, मऊ करून..."

नार्दूचे डोळे भरून आले होते. मुलाचं शेवटचं वाक्य त्याच्या कानावर पडलं की नाही, देव जाणे. "मी ते दार उघडायचो," तो म्हणाला. "त्या खोलीचं. रोज सकाळी. मीच."

"हळूच सांगा, पा."

"मला शिकवतोस? सोड माझ्यावर."

इव्हेलिना दोन पावलं मागे उभी राहून टोपीची पिन नीट करत होती. नवऱ्याने आपल्या भावाला सांगायचं ते बापावर ढकललं, हे तिने पाहिलं आणि तिला आवडलं नाही. पण तिने नुसती पिन खोचली. कालपासून ती कशालाच नाही म्हणत नव्हती, न जाणो, आनंद परत घेतील.

*

परात जमिनीवर मांडली होती. खोलीच्या एका टोकाला टोनीला बसवलं. वेन्झू नुकताच क्लबातून आला होता, बाही वर सारून दाराला टेकून उभा होता. आल्यापासून त्याने भावाला फक्त "आलास?" एवढंच विचारलं होतं.

"लेखणी कुठाय?" नार्दूने विचारलं.

"लेखणी संपावर आहे," वेन्झू म्हणाला, आणि रीटा, तिचा नवरा, शेजारीपाजारी सगळे हसले. "खुर्चीचा निकाल लागेपर्यंत या घरात नवा कारकून नको."

"असं कसं? लेखणीशिवाय परात?" इव्हेलिना पुढे झाली. तिने गेतूच्या खिशातलं फाउंटन पेन काढलं. काळंभोर, सोनेरी टोपणाचं. बदलून गेलेल्या कोणा साहेबाने निघताना दिलेलं. "हे ठेवा. रीटाच्या काकाचं पेन." आणि तिने ते अंड्याच्या शेजारी ठेवलं.

कुन्चेट्टाने ते पेन पाहिलं. परातीतली बाकीची सगळी चीजवस्तू एकदम तिला जुनाट दिसायला लागली. जपमाळ आईची होती, तराजू शेजारणीकडून आणलेला. सोनेरी टोपण तेवढं चमकत होतं, आणि टोनीनेही नेमकं तेच पाहिलं. तो रांगत निघाला. जपमाळेकडे पाहिलं नाही, तराजूकडे नाही. त्याचा हात पेनाच्या वर आला तेव्हा कुन्चेट्टा खाली वाकली आणि तिने पेन उचललं.

"शाई गळतेय," ती म्हणाली.

टोनीने आधी रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग आजीकडे, आणि घर डोक्यावर घेतलं.

"मा, असं करतात का?" रीटा म्हणाली.

"मी पाहिलं," नार्दू म्हणाला. "कुच्चियात मोठ्यांनी हात घालायचा नसतो. अपशकुन असतो."

"राहू दे, पा," इव्हेलिना हसून म्हणाली. "पेन इंग्लंडचं आहे. ते गळत नसतं. पण राहू दे."

"हो ना. इंग्लंडचं जे काही असतं ते तुमच्याकडे गेलं की गळत नाही. आमच्याकडे आलं की लगेच गळायला लागतं."

"कुन्चेट्टा, मी काय म्हटलं असं?"

"तू कुठे काय म्हणतेस? तू कधीच काही म्हणत नाहीस. नुसती टोपी घालून बसतेस."

"पुरे," वेन्झू म्हणाला. त्याने बायकोच्या हातातलं पेन घेतलं आणि गेतूपुढे धरलं. "खिशात ठेव. माझ्या माणसांना कामावरून काढायची धमकी याच पेनाने लिहिली ना? ते माझ्या नातवाच्या हातात नको."

गेतूने पेन घेतलं. मान वर केली नाही. टोनी रडतच होता, शेजारणी एकमेकींकडे बघत होत्या, आणि नार्दूला वाटलं की आता घर सावरायची वेळ आपली आहे. त्याच्याजवळ एवढी मोठी आनंदाची गोष्ट असताना पोरं पेनावरून भांडत होती. तो पेला घेऊन उठला.

"भांडू नका," तो म्हणाला. "एका पेनावरून काय भांडता? खुर्ची मिळाली आपल्याला. सरकारने दिली. आपल्या गेतूला दिली. काल साहेबांनी सांगितलं. वेन्झू, तू झाड हलवलंस, अंजीर याच्या ओंजळीत पडलं. घर तर एकच आहे. माझे दोन मुलगे! दोघांच्या नावाने घ्या रे पेला."

कोणी पेला उचलला नाही. रीटाने बाळाला उचलून आत नेलं.

वेन्झूचा चेहरा बदलला नाही, तेच वाईट होतं. त्याने वडिलांकडे पाहिलं, मग भावाकडे. "तू आधी वडिलांना सांगितलंस."

"मला वाटलं..."

"संघाचा चिटणीस मी. तीन आठवडे पाठीशी माणसं घेऊन उभा आहे मी. आणि निकाल मला कुच्चियात, शेजारणींच्या बरोबरीने कळतो." तो मागच्या दाराने परसात गेला.

नार्दू पेला धरून उभाच होता. "मी चुकीचं बोललो का?" त्याने कुन्चेट्टाला विचारलं. ती परात उचलायला वाकली. मनातली टोपी तिने त्याच क्षणी काढून ठेवली होती.

*

परसात सशांच्या खुराड्यांपुढे वेन्झू त्यांना पाला घालत होता. त्यांनी मघाशीच खाल्लेलं होतं. गेतू येऊन लिंबाच्या झाडाखाली उभा राहिला.

"उद्या कोणी येणार नाही," वेन्झू मागे न बघता म्हणाला. "सांग तुझ्या प्रॉक्टरला."

"मागितलं ते सगळं मिळालंय, वेन्झू. शिक्षा नाही. सेवा तुटत नाही. खुर्ची माल्टाच्या माणसाला."

"आमच्यातला एक विकत घेतला आणि त्यालाच आमच्या डोक्यावर बसवला. याला मिळालं म्हणत नाहीत."

"हे तू संध्याकाळी क्लबात सांगणार?"

"सांगणार."

"आणि माझ्या जागी तुझं नाव असतं तर?"

वेन्झूने खुराड्याचं दार लावलं. कडी बसेना, तो ती बसवत राहिला. "तर आत्तापर्यंत मी देवळाच्या घंटा वाजवायला लावल्या असत्या," तो म्हणाला. "ऐकायचं होतं ना तुला? ऐक. पोट जळतंय माझं. बोटीतून उतरलेल्या इंग्रजाला मी सात वेळा काम शिकवलं, सात वेळा त्याला सलाम केला, आणि रात्री घरी येऊन शांत झोपलो. कधी काही वाटलं नाही. आज तुझं नाव ऐकलं आणि वाटलं, ती खुर्ची मोडून जाळावी."

गेतूला वाटलं, आता लायसियमचा विषय निघेल. घरात एकालाच शिकवण्याइतकं होतं तेव्हा वेन्झूने शाळा सोडून नोकरी धरली होती. ते बोलायचा त्याला आज हक्क होता, आणि गेतू त्याची वाट बघत होता, म्हणजे त्यालाही उलट काहीतरी बोलता आलं असतं. वेन्झूने तो विषय काढला नाही.

"एकच सांग," वेन्झू म्हणाला. "प्रॉक्टरने तुझं नाव घेतलं तेव्हा तू माझं घेतलंस का? की मोठा भाऊ आहे, नोकरीत माझ्या आधीचा आहे, त्याला विचारा?"

"तुला ते देणारच नव्हते. संपाच्या पुढाऱ्याला कोण देईल?"

"ते मला कळतं. घेतलंस का?"

गेतू लिंबाच्या बुंध्याकडे बघत राहिला. "नाही."

"का?"

"घेतलं असतं आणि त्यांनी ऐकलं असतं तर?" तो एकदम भावाकडे वळला. "सगळं गाव तुझं आहे, वेन्झू. बस उशिरा आली तर लोक तुला येऊन सांगतात. वडिलांच्या तोंडी सकाळ-संध्याकाळ तुझं नाव. मी रस्त्याने आलो तर कोणी टोपीला हात लावत नाही. मला एक तरी गोष्ट हवी होती, जी तुझी नाही."

वेन्झूने हातातला उरलेला पाला खाली टाकला. मग म्हणाला, "हे खरं बोललास. उरलेलं सगळं सरकारी पत्र होतं." आणि भावाच्या शेजारून आत निघून गेला. गेतूला काय समजायचं ते समजेना.

*

आत, स्वयंपाकघरात, भट्टीवरून आलेला टिंपाना कुन्चेट्टा सुरीने कापत होती. इव्हेलिना टोपी काढून दारात उभी राहिली. टोपीशिवाय तिचे केस चपटे, घामेजलेले दिसत होते.

"मी गेतूला सांगते, नको म्हण म्हणून," ती म्हणाली.

"वा. म्हणजे उद्या गाव म्हणेल, कुन्चेट्टाच्या पोटदुखीने दिराची खुर्ची गेली. काही नको."

"मग तुला काय हवंय?"

"मला काय हवं होतं ते आता बोलण्यात अर्थ नाही." तिने एक तुकडा कापला, तो मोडला. "तुझं बरंय. उद्यापासून गव्हर्नरच्या राजवाड्यात चहाला जाशील."

"तीन आठवडे मी चहाला कुठेच गेले नाहीये," इव्हेलिना म्हणाली. "स्लिमात माझ्या दोन मावस बहिणी कारकुनांच्या बायका आहेत. मला बघून रस्ता ओलांडतात. आज सकाळी बसमध्ये आमच्या आजूबाजूच्या जागा रिकाम्या होत्या आणि लोक उभे होते. आणि इथे कोळीण तुझ्याकडून पैसे घेत नाही, भट्टीवाला तुझं ताट मागे, गरम जागेत सरकवतो. मी बघते ना. मला तुझा हेवा वाटतो, कुन्चेट्टा. घे, बोलले एकदाचं."

कुन्चेट्टाने सुरी खाली ठेवली. धाकट्या जावेला आपला हेवा वाटेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिला क्षणभर बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाजही वाटली. तिने टिंपानाचा कडेचा, कुरकुरीत तुकडा बशीत घातला आणि जावेच्या हातात दिला. तो नेहमी वेन्झूसाठी राखलेला असायचा.

वेन्झू सभेला निघाला तेव्हा तिने त्याला दारात गाठलं. "काय सांगणार आहेस?"

"ठरलं नाही."

"तुझ्याइतकीच मीही जळतेय. बहुतेक जास्तच. पण ग्रेत्स्यूला पाच पोरं आहेत, वेन्झू. उद्या तो टेबलाशी नसेल तर नोकरी जाईल त्याची. तुझ्या भावाचं नाव तुला गिळवत नाही म्हणून."

"तू त्याची बाजू घेतेस?"

"त्याची नाही. त्याची घ्यायला मी काय वेडी आहे?" ती म्हणाली. "जा. उशीर होतोय."

*

क्लबाचा मोठा हॉल भरला होता. बँडची वाद्यं भिंतीवर टांगलेली, खाली माणसं खिडक्यांत सुद्धा बसलेली. शहराच्या पलीकडच्या गावांतूनही कारकून आले होते. वेन्झू व्यासपीठावर चढला तेव्हा त्याच्याजवळ दोन भाषणं होती आणि कोणतं करायचं ते त्याने अजून ठरवलं नव्हतं. पहिलं सोपं होतं. सरकारचा डाव आहे, एवढं म्हटलं की झालं असतं. लोक त्याच्या शब्दावर होते.

"सरकारचं उत्तर आलंय," तो म्हणाला. "कोणाला शिक्षा नाही. पेन्शनला धक्का नाही. सहायक सचिव माल्टाचा माणूस."

पुढचं कोणी ऐकूनच घेतलं नाही. टोप्या उडाल्या. कोणीतरी भिंतीवरचा ढोल काढून बडवला. "सुर वेन्झू!" मागून कोणी बड्या माणसाला मारतात तशी मानाची हाक मारली, "आमचे सुर वेन्झू साहेब झाले!" आणि ते सगळ्यांनी उचललं. ग्रेत्स्यू व्यासपीठावर चढून त्याच्या गळ्यात पडला. तो रडत होता.

आणि वेन्झू गप्प उभा राहिला. हे तो पुढे कोणालाही सांगणार नव्हता, पण तो थोडा वेळ मुद्दामच गप्प राहिला. ते त्याचं नाव घेत होते आणि त्याने ते घेऊ दिलं. मग त्याने हात वर केला.

"मी नाही," तो म्हणाला. "माझा भाऊ. गेतू."

ढोल थांबला. ग्रेत्स्यूने त्याच्या गळ्यातला हात काढून घेतला.

"जो आत बसला होता तो?" ग्रेत्स्यूने विचारलं. "आम्ही बाहेर उपाशी, तो आत पत्रं लिहीत होता. तो आमच्यातला?"

"यापेक्षा इंग्रज परवडला," खिडकीतून कोणी म्हणालं, आणि हॉलमध्ये त्याला हुंकार मिळाला. "उद्याही बंद! काढू देत कामावरून."

वेन्झूला हायसं वाटायला हवं होतं. त्याला हवं ते घडत होतं, त्याला बोट उचलावं लागलं नव्हतं. त्याने ग्रेत्स्यूच्या तोंडाकडे पाहिलं. ते लाल, सुजल्यासारखं, ओठ एका बाजूला ओढलेलं तोंड त्याला नीट ओळखीचं वाटलं. दुपारपासून आपलं तोंड असंच दिसत असणार.

"खिडकीत कोण बोललं ते?" तो म्हणाला. "यापेक्षा इंग्रज परवडला. पुन्हा बोल. नाही बोलणार? मग मीच बोलतो, कारण दुपारी मी हेच म्हणत होतो. बाहेरचा माणूस आपल्या डोक्यावर बसला तेव्हा आपण उभे राहिलो, त्याच्या मुलांची नावं पाठ केली, तो परत गेला तेव्हा बंदरावर रुमाल हलवले. कोणाचं पोट दुखलं नाही. आज आपल्या गल्लीतला माणूस बसतोय तर सगळ्यांना कळ उठली. मला सर्वांत जास्त उठली. मला वाटलं होतं, तिथे मी बसेन. तुम्हालाही वाटलं होतं. पण मागणीत माझं नाव नव्हतं. आपण लिहिलं होतं, आपल्यातला माणूस. तो आवडता असावा असं लिहिलं नव्हतं. तो संपात होता का, हेही नाही. पुढच्या वेळी कदाचित तुझा मुलगा बसेल, ग्रेत्स्यू, आणि मग माझ्या रीटाच्या नवऱ्याचं पोट दुखेल. दुखू दे. पण खुर्ची परत बोटीत चढवायची नाही."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"हात वर करा," वेन्झू म्हणाला. "कामावर जायचं ज्यांना मान्य आहे त्यांनी."

स्वतःचा हात त्याने आधी वर केला. तो वर जायला वेळ लागला. मग ग्रेत्स्यूचा गेला, नाइलाजाने, कोपरात वाकवून. मग एकेक करत बाकीचे.

*

सोमवारी सकाळी गेतू सचिवालयात आला तेव्हा मोठ्या दालनात सगळी टेबलं भरलेली होती. तीन आठवडे त्याने ते दालन रिकामं पाहिलं होतं, आणि रिकाम्या दालनातून आत जायची त्याला सवय झाली होती. सहायक सचिव दालनातून आपल्या खोलीकडे निघाला की कारकुनांनी उठून उभं राहायचं, हा तिथला रिवाज. त्याने स्वतः वर्षानुवर्षं तो पाळला होता.

तो उंबऱ्यावर थांबला. कोणी हललं नाही. टाकांचे आवाज थांबले होते आणि सगळी डोकी खिडकीजवळच्या टेबलाकडे वळली होती, वेन्झूकडे.

वेन्झूने हातातला कागद पुरा वाचला, बाजूला ठेवला, टेबलाच्या कडेला हात टेकवले आणि उठला. सरळ उभा राहिला. त्याच्या मागोमाग अख्खं दालन उठलं. खुर्च्यांचा एकच आवाज झाला.

गेतूला त्या आवाजाने भरून आलं. तो टेबलांच्या मधून चालत गेला, भावापाशी आला, काहीतरी बोलावंसं वाटलं.

"बसा," तो हलकेच म्हणाला. मग दालनाला उद्देशून, जरा मोठ्याने, "बसा सगळे."

कोणी बसलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं. माणसं उभीच होती आणि एकही त्याच्याकडे बघत नव्हता.

मग वेन्झू खाली बसला. आणि सगळे बसले.

गेतू आपल्या खोलीत जाऊन खुर्चीत बसला. दार उघडंच होतं. त्यातून त्याला वेन्झूची पाठ दिसत होती, आणि ग्रेत्स्यू वाकून त्याच्या कानाशी काहीतरी बोलत होता, आणि वेन्झू हसत होता. गेतू ते बघत बसला. मग त्याने उठून दार लावून घेतलं.